दुखवट्याचा तळ

"पोरीला घेऊन ये," क्लिफ्टन फोनवर म्हणाला. "आणि तू आलास की मी तुझं डोकं फोडणार आहे. नंतर म्हणू नकोस की सांगितलं नव्हतं."

आवाज चढलेला नव्हता, शिवी नव्हती. येताना गाडीचा पट्टा घेऊन ये म्हणून सांगावं तसं त्याने सांगितलं आणि फोन ठेवला. मी ॲडलेडच्या घरात ओट्याला टेकून उभा होतो. बायकोला जाऊन दोन दिवस झाले होते. आमची सात वर्षांची जुई बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून कार्टून बघत बसली होती. क्लिफ्टन माझा मेहुणा, बायकोचा सख्खा थोरला भाऊ. आम्ही दोघांनी मिळून कितीतरी मोडक्या गाड्या उभ्या केल्या होत्या, एका ताटात जेवलो होतो. तो थट्टा करत नव्हता, हे मला कळलं होतं.

बायकोचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिच्या लोकांत गेलेल्या माणसाचं नाव तोंडावर आणत नाहीत. त्याच नावाचं दुसरं कुणी असेल तर त्यालाही वेगळ्या नावाने हाक मारतात. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवतात. तिच्या वस्तीचं नावही लिहीत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, ॲलिस स्प्रिंग्जपासून लाल मातीच्या कच्च्या रस्त्याने दिवसभर गेल्यावर ती लागते, एवढं पुरे.

मी मूळचा मिरजेचा, डिझेल इंजिनांचा मेकॅनिक. तिकडच्या आदिवासी वस्त्यांना वीज पुरवणारी जनरेटरं दुरुस्त करायच्या कामावर मी त्या भागात गेलो, आणि ती तिथल्या दवाखान्यात कामाला होती. लग्न वस्तीतच झालं. मिरजेहून कुणी आलं नाही. जुईच्या जन्मानंतर बायकोला दम लागायला लागला. लहानपणी ताप येऊन हृदयाची झडप खराब झाली होती. त्या भागात हा आजार घरोघरी आहे. तिच्या उपचारासाठी आम्ही ॲडलेडला बिऱ्हाड हलवलं, तिथे एक ऑपरेशन झालं.

शेवटच्या हिवाळ्यात ती मला रोज एकच गोष्ट सांगायची. मला घरी ने. डॉक्टर म्हणत होते, दुसरं ऑपरेशन झाल्याशिवाय हॉस्पिटलपासून इतक्या लांब जाणं म्हणजे जिवाशी खेळ. मी तिला म्हणालो, ऑपरेशन होऊ दे, मग दुसऱ्याच दिवशी निघू. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात ती गेली.

त्या सबंध हिवाळ्यात तिच्या घरचं कुणी आलं नाही. भाऊ नाही, मावशी नाही, चुलत बहिणी नाहीत. फोन यायचे, तिकडून रडणं ऐकू यायचं, आणि पैसे संपले की फोन बंद व्हायचा. मी कधी काही बोललो नाही.

क्लिफ्टनच्या फोननंतर मी मिरजेला दादाला फोन लावला. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा, वडिलांच्या जागी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, पोरीला घे आणि पहिल्या विमानाने इकडे ये. तिथेच दहन कर, अस्थी घेऊन ये, कृष्णेत सोडू. मी म्हणालो, तिला तिच्या मातीत पुरायचं आहे, तिनेच तसं सांगितलंय, विमानाने शव पाठवायची व्यवस्था झाली आहे. दादाने कृष्णेचा विषय सोडला. मग म्हणाला, "जंगली लोक आहेत रे ते. बायको होती तोवर ठीक होतं. आता तुझं तिथे कोण आहे?"

त्याला उत्तर द्यायला हवं होतं. मी दिलं नाही, कारण त्या क्षणी मलाही तसंच वाटत होतं.

तरी मी निघालो. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. तिला पुरताना तिची मुलगी तिथे असायला हवी, एवढंच डोक्यात होतं. गाडीत जुईला मागे झोपवलं आणि उत्तरेचा हमरस्ता धरला. वाटेत तिने विचारलं, मामा तुला का मारणार आहे? तिने फोन ऐकला होता. मी म्हणालो, तो चिडलाय. ती म्हणाली, "तू पण चिडलायस."

वस्तीच्या अलीकडे, फाट्यावर पोलीस चौकी आहे. तिथे मला थांबवलं. सार्जंट नवा होता, तरुण, उन्हाने नाक सोललेला. त्याला सगळी बातमी होती. म्हणाला, मी गाडी घेऊन तुमच्याबरोबर येतो, काही करायला लागत नाही, नुसती उभी दिसली तरी पुरे. मी हो म्हणणार होतो. खरं म्हणजे मला त्या माणसाचा हात धरावासा वाटला, इतकं बरं वाटलं.

तेवढ्यात झाडाखाली उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीतून मेझी उतरली. मेझी बायकोच्या थोरल्या मावशीची मुलगी. आपल्याकडे मावसबहीण म्हणू, तिकडे ती सख्खी थोरली बहीणच. मी तिला पहिल्यापासून ताई म्हणायचो, आणि तिला वाटायचं की मी तिचं मराठी नाव ठेवलंय. तिने केस मुळापासून कापले होते. कपाळावर, हातांवर दुखवट्याची पांढरी माती फासलेली होती. ती माझ्याशी बोलली नाही. आधी जुईला जवळ घेतलं, तिच्या केसांत तोंड खुपसून लांब, एकसुरी आवाजात रडली. जुई घाबरली नाही. मीच घाबरलो.

मग मेझी सार्जंटला म्हणाली, "आम्हाला जरा बोलू दे." तो बाजूला गेला.

"ताई, हे काय चाललंय?" मी म्हणालो. "मी काय केलंय?"

"ते तुला तिथे सांगतील. मी फक्त कसं यायचं ते सांगायला आलेय." तिने एकेक करून सांगितलं. गाडी वस्तीबाहेर ठेवायची. चालत यायचं. टोपी घालायची नाही. पोर माझ्याबरोबर येईल, तुझ्याबरोबर नाही. क्लिफ्टन बोलेल ते ऐकून घ्यायचं. तो पुढे आला की मान खाली घालायची. हात वर करायचा नाही. पळायचं नाही.

"आणि पळालो तर?"

"तर ते कधी संपणार नाही."

"मी पोलिसाला घेऊन आलो तर?"

"तर तुला कुणी हात लावणार नाही," मेझी म्हणाली. "शव येईल, आम्ही पुरू, तू पोरीला घेऊन जाशील. कुणी अडवणार नाही. पण ती इथे परत कशी येईल? कुणाच्या घरी उतरेल? तिच्या आईच्या जागेवर तिला कोण घेऊन जाईल?"

आईची जागा म्हणजे वस्तीपासून लांब, खडकात असलेला एक पाणवठा. सासूला पोटातलं मूल पहिल्यांदा जाणवलं ते त्या पाण्याजवळ, म्हणून माझी बायको त्या पाणवठ्याची. त्या लोकांचं असं असतं की माणूस जागेचा असतो. जागेला माणसाची काळजी घ्यावी लागते आणि माणसाला जागेची. माणूस फार दिवस लांब राहिला की दोघंही आजारी पडतात. लग्नानंतर तिने मला तिथे नेलं होतं. जवळ पोचल्यावर मोठ्याने हाका मारून आम्ही कोण आहोत ते सांगितलं होतं, आणि ओंजळभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं होतं, म्हणजे त्या जागेने मला परका समजू नये. मला तेव्हा त्याची गंमत वाटली होती.

मी सार्जंटला सांगितलं की तुम्ही येऊ नका. तो म्हणाला, विचार करा, नंतर तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नका. मेझीने जुईला आपल्या गाडीत बसवलं. जुईने काचेतून माझ्याकडे बघितलं, आणि गाडी धूळ उडवत गेली.

वस्तीत शुकशुकाट होता. बायकोचं माहेरचं घर उघडं पडलं होतं. दारं, खिडक्या सताड, आत सामान नाही. हिरव्या फांद्यांची धुरी देऊन घर रिकामं केलं होतं, म्हणजे गेलेलं माणूस तिथे घुटमळू नये. धुराचा वास अजून होता. माणसं सगळी पलीकडच्या मोकळ्या रानात जाऊन राहिली होती. ताडपत्र्या, गाद्या, घोंगड्या, चुली, कुत्री. हा दुखवट्याचा तळ. कुणी गेलं की घरदार सोडून सगळे नातेवाईक असे उघड्यावर जमिनीवर येऊन बसतात, कितीतरी दिवस.

मला बघताच बायकांचं रडणं सुरू झालं. त्यांच्या मधोमध सासू बसली होती, माझ्याकडे पाठ करून. सासू आणि जावई एकमेकांकडे बघत नाहीत, बोलत नाहीत, हा तिथला मोठा मान असतो. इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा धड पाहिलेला नव्हता. त्या दिवशी ती पाठच मला शत्रूची वाटली. जुई तिच्या मांडीत होती.

पुरुष दुसऱ्या बाजूला होते. ते उठले. क्लिफ्टन पुढे आला. अंगात शर्ट नव्हता, छातीवर पांढरी माती, हातात हातभर लांबीचं जड लाकडी दांडकं. दाढी वाढलेली. तो माझ्यापासून चार हातांवर थांबला आणि आधी स्वतःच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बराच वेळ बोलला. मला त्यातले थोडे शब्द कळले. बहीण. पाणी. लांब. मग तो इंग्रजीत माझ्याशी बोलला.

"तिने तुला सांगितलं होतं का, मला घरी ने?"

"हो."

"किती वेळा?"

"रोज."

"नेलंस?"

"नाही. डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरला मी विचारत नाहीये. तू नेलंस का?"

"नाही."

मी चूक केली असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. ती गाडीत, त्या रस्त्यावर गेली असती. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. हे सगळं त्याला सांगायचं माझ्या ओठांवर होतं. पण त्याच्यामागे उभी असलेली माणसं मी बघितली. म्हातारे, तरुण, मला नावानिशी ओळखणारे, ज्यांच्या घरात मी दिवे लावून दिले होते. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि एकाच्याही डोळ्यांत मला ओळख दिसली नाही.

मी टोपी आधीच काढली होती. मान खाली घातली.

पहिला फटका डोक्यावर बसला. आवाज आधी ऐकू आला, मग डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि मी गुडघ्यांवर आलो. रक्त कानामागून गळ्यात उतरलं, गरम. दुसरा खांद्यावर बसला. मी हात मातीत रोवून धरले होते, ते उचलायचे नाहीत एवढंच मनात घोकत होतो. बायकांचं रडणं थांबलं नव्हतं, वाढलं होतं. त्यात जुईचा आवाज मला वेगळा ऐकू आला. ती "बाबा" म्हणून ओरडली. तिसऱ्या फटक्याची मी वाट बघत राहिलो. तो आला नाही.

डोळे उघडले तर दांडकं माझ्यासमोर मातीत पडलं होतं. आणि क्लिफ्टन माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. त्याने मान खाली घातली होती.

मला काही उमजेना. मेझी बायकांच्या बाजूने चालत आली.

"उचल ते," ती म्हणाली.

"कशाला?"

"आता तुझं. तुझं त्याच्याकडे काय आहे ते सांग आणि मार."

"माझं काही नाही, ताई. झालं ना तुमचं? मला जाऊ दे."

"तुझं आहे. सबंध हिवाळा तू फोनवर काही बोलला नाहीस. ते आम्हाला इथे ऐकू येत होतं."

मी दांडकं उचललं. ते मला उचलायचं नव्हतं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. पण हातात घेतल्यावर ते हातात बरोबर बसलं. मी उभा राहिलो. डोकं गरगरत होतं. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं, आणि जे तोंडातून आलं ते आधी मराठीत आलं. ते कुणालाच कळलं नाही. मग इंग्रजीत म्हणालो.

"ती दाराकडे बघायची. दार उघडलं की बघायची. प्रत्येक वेळी नर्स असायची."

क्लिफ्टनने मान वर केली नाही.

"तू तिचा भाऊ. एकदा तरी यायचं होतंस."

"हो," तो मातीकडे बघत म्हणाला. "मार."

मी मारलं. डोक्यावर नाही मारलं, खांद्यावर मारलं, पण सगळा जोर लावून मारलं. काहीतरी मोडल्याचं माझ्या तळहाताला कळलं. तो एका बाजूला कलंडला आणि परत सरळ बसला, दुसऱ्या फटक्यासाठी. मी हात उचलला आणि तो तिथेच राहिला. मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. दांडकं कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतलं. मी खाली बसलो होतो आणि क्लिफ्टनने त्याच्या धड असलेल्या हाताने माझं डोकं आपल्या छातीशी धरलं होतं. माझं रक्त आणि त्याची पांढरी माती एक होऊन त्याच्या पोटावरून ओघळत होती. तो रडत होता, आणि माझ्या कानाशी एक भयंकर आवाज चालू होता. तो माझाच आहे हे मला उशिरा कळलं. ती गेल्यापासून मी रडलो नव्हतो. हॉस्पिटलात सह्या करताना नाही, दादाशी बोलताना नाही, गाडीत नाही.

त्यानंतर सगळे आले. एकेक जण. ज्या माणसांच्या डोळ्यांत मला ओळख दिसली नव्हती, ते येऊन गुडघ्यांवर बसले, माझ्या गळ्यात पडून रडले, मग क्लिफ्टनच्या गळ्यात पडून रडले, आणि पुढच्याला जागा करून दिली. कुणी सांत्वनाचे शब्द बोललं नाही. बायकांनी माझ्या कपाळाला पांढरी माती लावली. जुईला आणून माझ्या मांडीवर बसवलं. तिने माझ्या डोक्याला हात लावून बघितला आणि मग मामाच्या खांद्याला.

सासू तशीच पाठ करून बसली होती. ती मोठ्याने, हवेत बोलावं तसं जुईला म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, त्याची गादी क्लिफ्टनच्या गादीशेजारी घातलीय. आणि त्याला आधी शिवून आणा."

वस्तीतल्या ज्या दवाखान्यात बायको काम करायची तिथेच मी आणि क्लिफ्टन बाकावर बसलो. नर्स नवी होती. तिने दोघांकडे बघितलं आणि विचारलं, काय झालं? क्लिफ्टन म्हणाला, पडलो. तिने माझ्याकडे बघितलं. मीही म्हणालो, पडलो. तिने पुढे विचारलं नाही. माझ्या डोक्याला टाके पडले, त्याचं गळ्याजवळचं खांद्याचं हाड मोडलं होतं, हात झोळीत बांधला.

ती आत औषधं आणायला गेली तेव्हा क्लिफ्टन म्हणाला, "मी निघालो होतो. बसने. निम्म्या वाटेवर, कूबर पीडीला बस थांबली. मी उतरलो आणि परत चढलो नाही."

मी त्याची सरकलेली झोळी नीट केली.

"तिला नळ्या लावलेल्या बघायच्या नव्हत्या मला. दुसरं काही कारण नव्हतं. कूबर पीडीला दारू प्यायलो आणि परत आलो. इथे सांगितलं, पैसे नव्हते." त्याने नाक पुसलं. "काल सगळ्यांना खरं सांगितलं. म्हणून तुझ्या हातात दांडकं दिलं."

"आणि सांगितलं नसतंस तर?"

"तर नुसतं मी तुला मारलं असतं."

मी त्याला विचारलं की जुईचं काय ठरवलंय तुम्ही लोकांनी. फाट्यापासून माझ्या मनात तीच धास्ती होती. तो म्हणाला, ठरवायचंय. रात्री जेवताना बसू. तू, मी, मेझी, म्हातारी. तुला म्हातारीशी बोलता येणार नाही, तर तुझं ती पोरीकरवी ऐकेल.

तसंच झालं. शाळा ॲडलेडला, हिवाळ्याची सुट्टी इथे, आणि मोठी झाली की ती ठरवेल. सासू काही वेळा नाही म्हणाली, काही वेळा मी नाही म्हणालो. कुणी हात उचलला नाही, आवाजही फारसा चढला नाही. जे चढायचं होतं ते चढून गेलं होतं.

दादाला मी टाक्यांबद्दल कधी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी मिरजेला गेलो तेव्हा लोक भेटायला आले, चहा घेतला, तिच्या नशिबात नव्हतं म्हणाले, आणि बाहेर जाऊन चपला शोधत राहिले. त्यांचंही बरोबर होतं. आमच्यात तसंच करतात.

तिकडे वस्तीवर, तिचं शव घेऊन येणारं विमान उशिरा आलं होतं. धावपट्टी म्हणजे लाल मातीचा झाडलेला पट्टा. गाव सगळं तिथे उभं होतं, आणि विमानाचा आवाज ऐकल्याबरोबर म्हाताऱ्यांनी गाणं सुरू केलं, तिला तिच्या जागेची वाट सांगणारं. शब्द मला आजही माहीत नाहीत, आणि ते मला माहीत असायचेही नाहीत. पेटी उतरवायला आम्ही सहा जण गेलो. पुढच्या बाजूला मी आणि क्लिफ्टन. मेझी त्याला म्हणाली, तुझा हात मोडलाय, तू नको. त्याने झोळी काढून टाकली.

पेटी उचलली आणि चालायला लागलो. पाय मातीत रुतत होते. थोडं पुढे गेल्यावर तो समोर बघतच हळू म्हणाला, "तुझ्या बाजूला जड आहे?"

"नाही."

"माझ्या बाजूला आहे."

मी पेटीखालचा हात त्याच्या बाजूला सरकवला, आणि आम्ही पुढे चालत राहिलो.